भेटीची पक्की वेळ: ब्रुकलिनच्या ‘लडाइट क्लब’चं प्रकरण

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ग्रँड आर्मी प्लाझा नावाचा मोठा चौक आहे. तिथे सार्वजनिक ग्रंथालयाची मध्यवर्ती इमारत उभी आहे. १९४१ साली खुली झालेली ही इमारत उघड्या पुस्तकाच्या आकारात बांधलेली आहे. तिच्या पायऱ्यांवर दर रविवारी काही शाळकरी मुलंमुली जमायची. जमली की शेजारच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये शिरायची आणि चालत चालत गर्दीपासून लांब एका टेकाडावर जाऊन ओंडक्यांवर गोल करून बसायची. कुणी वहीत चित्रं काढत असे, कुणी जलरंगांची पेटी उघडून बसे आणि बरेचजण नुसतं वाचत बसत. फोनला मात्र मज्जाव.

एवढंच. पोरं बागेत बसतात, पुस्तक वाचतात, गप्पा मारतात. आणि याची दखल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२२मध्ये घेतली, मग जगभरच्या वर्तमानपत्रांनी घेतली! पंचवीसतीस वर्षांपूर्वी अशी बातमी घेऊन कुणी वार्ताहर संपादकाकडे गेला असता तर त्याला पुन्हा टेबलावर पाठवलं असतं. प्रकरणाला हात घालण्याआधी ही गंमत ध्यानात ठेवलेली बरी, कारण किती बदललंय याचं मोजमाप त्यातच आहे.

या गटाचं नाव लडाइट क्लब. तो सुरू केला लोगन लेन या विद्यार्थिनीने, ती एडवर्ड आर. मरो हायस्कूलमध्ये शिकत असताना. क्लबविषयी जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं ‘मुलांनी स्मार्टफोन फेकून दिले’ या एका वाक्याभोवती फिरतं. मला ते वाक्य अपुरं वाटतं. फोन सोडणारी एकटीदुकटी मुलं याआधीही होती आणि त्यातली बहुतेक चार दिवसांनी मुकाट्याने परतली. इथे निराळं काय झालं, ते तपासायला हवं.

आधीची परिस्थिती

अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी सरकारतर्फे बोलणारे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये एकटेपणावर एक सरकारी सूचनापत्र काढलं. त्यात वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीतले आकडे आहेत. १५ ते २४ वयोगटातली मुलं २००३ साली मित्रमैत्रिणींसोबत समोरासमोर दिवसाला साधारण १५० मिनिटं घालवत. २०२०पर्यंत ती ४० मिनिटांवर आली. २०२० हे टाळेबंदीचं साल, त्यामुळे शेवटची घसरण जास्त खोल दिसते हे खरं. पण उतार त्याच्या बराच आधीपासून लागला होता.

दुसऱ्या बाजूला प्यू संशोधन संस्थेची २०२२ची पाहणी आहे. १३ ते १७ वयाच्या अमेरिकी मुलांपैकी ९५ टक्के मुलांच्या हाताशी स्मार्टफोन होता आणि ४६ टक्के मुलं सांगत होती की आपण ‘जवळपास सतत’ ऑनलाइन असतो. कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने २०२३मध्ये ११ ते १७ वयाच्या सुमारे २०० मुलांच्या फोनमधल्या नोंदी प्रत्यक्ष तपासल्या. त्यातल्या निम्म्या मुलांना फोनवर दिवसाला २३७ किंवा त्याहून जास्त सूचना (नोटिफिकेशन) येत होत्या. जागेपणीच्या तासांत वाटून पाहिलं, तर चार मिनिटांना एक टिंग.

हे आकडे मी अशासाठी दिले की लेनची गोष्ट जगावेगळ्या मुलीची गोष्ट वाटू नये. सहावीत फोन मिळाला, मग इन्स्टाग्राम आलं. टाळेबंदीत ते इतकं वाढलं की एखादा चांगला फोटो हाताशी असताना तो न टाकणं तिला जमेना. आपल्याला कशाचीच पर्वा नाही असा आव ती तिथे आणायची आणि आतून पर्वा तर चांगलीच होती, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. आधी तिने इन्स्टाग्राम काढून टाकलं. ते पुरेना, तेव्हा फोन उचलून एका खोक्यात ठेवून दिला.

मग काय झालं? ग्रंथालयातून कादंबऱ्या आणून ती बागेत एकटी वाचत बसू लागली. भुयारी रेल्वेने जाताना खिडकीबाहेरची भिंतींवरची रंगवलेली अक्षरं दिसू लागली. ती काढणारी मुलं भेटली, त्यांच्याकडून रंगाचे फवारे मारायलाही ती शिकली. मध्यरात्री फोनच्या उजेडात डोळा लागायचा तो थांबला आणि गजर न लावता सकाळी सातला जाग येऊ लागली.

इथवरच्या कथेत अजून क्लब नाही. एक मुलगी आहे, तिचं वाचन आहे आणि बराचसा एकांत आहे. पुढे एका संगीताच्या कार्यक्रमात तिला आपल्यासारखीच फोनला कंटाळलेली दुसरी मुलगी भेटली. ‘मी एकटीच वेडी नाही’ हे कळल्यावरच गोष्ट पुढे सरकली. दोघींची ओळख झाली, आणखी काही जोडले गेले आणि गटाला नाव मिळालं.

नावाविषयी थोडं

लडाइट हा शब्द इंग्रजीत ‘यंत्राला घाबरणारा मागासलेला माणूस’ अशा अर्थाने शिवीसारखा वापरतात. मूळचे लडाइट तसे नव्हते. १८११पासून इंग्लंडच्या नॉटिंगहॅम परिसरातले मोजे विणणारे कारागीर रात्री कारखान्यांत शिरून माग फोडू लागले. नेड लड हा त्यांचा पुढारी म्हणे. तो खरा माणूस होता की दंतकथा, यावर दंतकथेच्या बाजूनेच कौल पडतो. ही मंडळी स्वतः यंत्रांवर काम करणारी, हातात कसब असलेली होती. यंत्राच्या आडून मालक मजुरी पाडतात आणि हलका माल काढतात, हा त्यांचा राग होता. १८१२मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा झाला. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात कवी बायरन त्याविरुद्ध बोलला, पण उपयोग झाला नाही.

ब्रुकलिनच्या मुलांनी काहीच फोडलं नाही. तरी नाव अगदीच गैरलागू नाही. यंत्र कुणाच्या फायद्यासाठी कसं चालवलं जातं हा प्रश्न तेव्हाही होता, आताही आहे. स्नॅपचॅटची ‘स्ट्रीक’ घ्या. दोघांनी रोज एकमेकांना काहीतरी पाठवायचं, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. मैत्रीला हजेरीपट जोडलाय आणि तो पट कंपनीच्या कपाटात आहे. अशा रचनेवर रागावणारी पंधरासोळा वर्षांची मुलं मागासलेली कशी?

पायऱ्यांवरचा करार

आता मुद्द्याचं. क्लबातल्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हते किंवा असले तरी ती ते वापरत नव्हती. त्यामुळे आठवडाभर एकमेकांशी फारसा संपर्क नसे. गटाचा चॅट नाही, ‘निघालास का?’ नाही, ‘पाच मिनिटांत पोचते’ नाही. म्हणून रविवार ठरला की ठरला. पाऊस असो, बर्फ असो, यायचंच. आपल्यात एरवी संपर्क नसतो म्हणूनच प्रत्येकाला यावं लागतं, असं क्लबातल्या एका मुलीने बातमीदाराला सांगितलं होतं. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या बोलण्यात आहे.

मोबाईलने भेटीगाठींचं काय केलं, याची चर्चा आपण मिनिटांत करतो. किती वेळ स्क्रीनवर गेला, किती वेळ माणसांत. पण मिनिटांच्या आधी आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे भेटीचा पक्केपणा. खिशात फोन असला की कुठलीही भेट शेवटच्या क्षणापर्यंत कच्ची राहते. वेळ पुढे ढकलता येते, जागा बदलता येते, अंग काढून घेता येतं आणि तेही एका ओळीत, समोरच्याचा चेहरा न बघता. तेरा ते एकोणीस हे वय तसंही घाबरटपणाचं. आपण गेलो आणि कुणी बोललंच नाही तर? तो अमका येणार असेल तर? ऐन वेळी कच खाणं त्या वयाला स्वाभाविकच आहे. पूर्वी कच खाल्ली तरी घराबाहेर पडावंच लागे, कारण मित्र चौकात उभा असे आणि त्याला कळवायची सोय नसे. एकदा तिथे पोचलं की दहा मिनिटांत भीती विरून जाई. फोनने पळून जायला चोरदरवाजा दिला. तो वापरणाऱ्या मुलामुलीला त्या क्षणी सुटल्यासारखंच वाटतं आणि नेमकी तिथेच गोम आहे.

पायऱ्यांवर जमणाऱ्यांनी तो दरवाजा बंद केला. मला वाटतं, तो त्यांनी विचारपूर्वक बंद केला असं म्हणणंही जरा जास्तच होईल. फोन नसल्याचा तो आपसूक परिणाम होता. पण क्लब टिकला तो त्यामुळे. उद्या कुणी असाच गट काढून भेटीची जुळवाजुळव चॅटवर ठेवली, तर त्याला फोनशिवायची बैठक मिळेल, पण हा पक्केपणा मिळणार नाही. ‘आज नाही जमत रे’ असे चार निरोप आले की पाचवा मुलगाही घरी बसतो.

या कराराची दुसरी बाजू शाळेत होती. मरो हायस्कूलमध्ये मंगळवारी क्लबची तासाभराची बैठक व्हायची. तिथे स्मार्टफोनवाल्या मुलांनाही यायला मोकळीक होती, फक्त त्या तासात फोनकडे बघायचं नाही. बघितलंच तर कट्टर मंडळींच्या भुवया चढायच्या. सगळे मिळून पंचवीसेक सभासद. म्हणजे आत येण्यासाठी आयुष्य बदलायची अट नव्हती, एका तासाची होती. उंबरठा इतका खाली ठेवणं फार शहाणपणाचं होतं. मोठी माणसं असले उपक्रम काढतात तेव्हा नेमकी इथे चुकतात. आल्याआल्या शपथ, प्रतिज्ञापत्र आणि पालकांच्या सह्या!

एकट्याने का जमत नाही

शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२३चा एक प्रयोग इथे अगदी चपखल बसतो. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर. इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. मग प्रश्न फिरवला. तुमच्या कॉलेजातली बाकीची मुलंही बंद ठेवणार असतील तर? आता चित्र पालटलं. पैसे घेणं राहिलं बाजूला, सगळ्यांचं एकदम बंद होणार असेल तर विद्यार्थी पदरचे पैसे मोजायला तयार झाले. टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर.

याचा अर्थ नीट लावला तर पालकांची निम्मी भांडणं कमी होतील. मुलगी फोन सोडत नाही म्हणजे तिला तो आवडतोच असं नाही. सगळे तिथे आहेत म्हणून तिला तिथे असावं लागतं. ती एकटी बाहेर पडली तर वाढदिवसाचा बेत तिला कळत नाही, वर्गातली चेष्टा समजत नाही, दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या टेबलावर परकी होते. त्यामुळे ‘तू तरी सोड’ हा उपदेश तिला शिक्षेसारखा लागतो आणि तो तसा असतोही. प्यूच्या २०२३मधल्या पाहणीत ३८ टक्के मुलांनी मान्य केलं होतं की आपण फोनवर फार वेळ घालवतो. कळतं, पण वळणार कुठे?

लडाइट क्लबने या सापळ्यातून काढलेली वाट लहानशी होती. सगळं जग फोन सोडेल अशी वाट बघायची गरज नाही, आपल्या ओळखीतले सातआठ जण पुरतात. शाळेत हजारो विद्यार्थी असू देत, रविवारी दुपारी आपल्यासोबत बसणारे तेवढेच असतात. त्या सातआठांना एकमेकांचे बेत कळले की बास. लेनने फोन खोक्यात टाकला तेव्हा ती मोकळी झाली होती, पण एकटीही होती. दुसरी मुलगी भेटली आणि त्या मोकळेपणाला सोबत मिळाली.

जागा

या भागावर फारसं कुणी लिहिलेलं नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलं भेटली कुठे? ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक बागेत. तिथे तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, तासाभराने कुणी उठवत नाही. प्रॉस्पेक्ट पार्क ५२६ एकरांचं आहे. १८६७मध्ये खुलं झालं, ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने आखलेलं. इतकं मोठं की पंधरासोळा मुलांचा घोळका कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. भुयारी रेल्वेचं स्टेशन चौकातच आहे, म्हणजे आईवडिलांनी गाडीतून आणून सोडायची गरज नाही. आणि शहरातल्या तिन्ही ग्रंथालय व्यवस्थांनी ऑक्टोबर २०२१मध्ये उशिराचा दंडच रद्द केला होता. पुस्तक परत द्यायला विसरणाऱ्या वयासाठी ही छोटी गोष्ट नव्हे.

मरो हायस्कूलचंही यात देणं आहे. १९७४मध्ये सुरू झालेल्या या शाळेची ख्यातीच मुळी वेळापत्रकाच्या सैलपणाची. मधल्या रिकाम्या तासांत मुलांनी कॉरिडॉरमध्ये बसावं, बोलावं, त्यांच्यामागे कुणी छडी घेऊन लागत नाही. देखरेखीविना मिळालेला असा वेळ आजकालच्या मुलांच्या दिवसात शोधून सापडत नाही.

हे सगळं नसतं तर? अमेरिकेतल्या बहुतेक मुलांकडे हे नाहीच. उपनगरांत गाडीशिवाय हलता येत नाही. मॉल हा त्यांचा कट्टा होता. पण मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’ने १९९६मध्येच शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय फिरायला बंदी केली. पुढे असे नियम बऱ्याच ठिकाणी आले. साल नीट पाहा, १९९६. आयफोन यायला अकरा वर्षं होती. डॅना बॉइड या अभ्यासक स्त्रीने अमेरिकी किशोरांशी वर्षानुवर्षं बोलून हेच नोंदवलं आहे की मुलांना खरं तर प्रत्यक्ष भेटायचं असतं. बाहेर पडायला मुभा नाही, जायला जागा नाही, वेळ शिकवण्यांनी आणि सरावांनी भरलेला, म्हणून ती ऑनलाइन जमतात. आधी आपण त्यांना रस्त्यावरून, दुकानांतून, मैदानांवरून हाकललं आणि मग ती खोलीत बसून फोनमध्ये का डोकं घालतात म्हणून परिषदा भरवल्या.

२०२३च्या अखेरीस न्यूयॉर्क शहराच्या खर्चकपातीत बहुतेक ग्रंथालयांची रविवारची सेवा बंद झाली आणि २०२४च्या उन्हाळ्यात ती परत आली. एकीकडे मुलांच्या मानसिक आरोग्याची काळजी आणि दुसरीकडे रविवारी ग्रंथालयाला कुलूप. एकाच शहरात, एकाच काळात.

शुक्रवारची रात्र

पालकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लेनच्या आईवडिलांना मुलीतला बदल आवडला होता. ती रात्रीच्या जेवणाला घरी येऊन दिवसभरच्या भटकंतीच्या गोष्टी सांगू लागली होती. पण शुक्रवारी रात्री ती कुठे आहे हे कळायला मार्ग नाही म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येऊ लागला. उन्हाळ्यात ती पॅरिसला शिकायला गेली तेव्हा त्यांनी आग्रहाने सोबत दिलेला स्मार्टफोन तिने सोयीस्करपणे हरवला! शेवटी तडजोड झाली ती फ्लिप फोनवर, म्हणजे बोलणं आणि साधे निरोप यापुरता घडीचा फोन.

ही तडजोड मला अख्ख्या प्रकरणात सर्वांत व्यवहारी वाटते. ‘फोन की फोन नाही’ असं भांडण मांडलं की कुणीच हटत नाही. मुलांना हवं असतं दर चार मिनिटांनी न वाजणारं आयुष्य, पालकांना हवा असतो अडचणीच्या वेळी एक आवाज. घडीचा फोन दोन्ही देतो. त्यावर लांबलचक गप्पा होत नाहीत, कारण एकेक अक्षर उमटवायला बटण तीनतीनदा दाबायला कोण बसेल? त्यामुळे तो पायऱ्यांवरचा करारही फारसा मोडत नाही.

यात पालकांना काहीतरी सोडावं लागतं हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. नकाशावरचा मुलीचा निळा ठिपका त्यांना सोडावा लागतो. कित्येक घरांत मुलापेक्षा मोठ्यांनाच तो ठिपका सोडवत नाही.

जमेच्या बाजूला काय लिहायचं

इथे हात आखडता घेतलेला बरा. क्लबने काही मोजलं नाही, मोजायचा हेतूही नव्हता. जी मुलं आली ती मुळातच वाचणारी, चित्रं काढणारी, जरा हटके असण्याची हौस असलेली होती. त्यांना बरं वाटलं म्हणून प्रत्येकाला वाटेलच असं काही नाही. शिवाय बातमी झाल्यावर फोन नसण्यालाही एक प्रतिष्ठा आली, तीही हिशेबात धरायला हवी.

संशोधनातही एकवाक्यता नाही. ऑक्सफर्डचे एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९मध्ये मोठ्या पाहण्यांचे आकडे चाळून दाखवलं की किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी डिजिटल वापराशी जोडता येतो तो जेमतेम ०.४ टक्के. उलट बाजूला २०१४चा लॉस एंजेलिसमधला एक अभ्यास आहे. सहावीतल्या ५१ मुलांना पाच दिवस स्क्रीनविना निसर्ग शिबिरात ठेवलं. परतल्यावर चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून समोरच्याची भावना ओळखण्यात ती शाळेत राहिलेल्या मुलांच्या पुढे गेली. आता ते श्रेय स्क्रीन नसण्याचं, की पाच दिवस चोवीस तास एकमेकांसोबत राहण्याचं? अभ्यासातून ते वेगळं काढता येत नाही. माझं मत एकमेकांसोबत राहण्याच्या बाजूला झुकतं.

आणखी एक आकडा पालकांनी भिंतीवर लावावा असा आहे. २०१८मध्ये अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. तो गेला कुठे? काही मित्र-नातलगांकडे गेला, खरंय. पण काही एकट्याने टीव्ही बघण्यातही गेला. फोन काढून घेतला की मोकळा वेळ तयार होतो. तो कुणाकडे वळायचा हे समोर काय वाढून ठेवलंय त्यावर ठरतं. ब्रुकलिनच्या मुलांसमोर पायऱ्या होत्या, टेकाड होतं, वाट बघणारे मित्र होते.

टोचणारी टीका

सगळ्यात बोचरी टीका क्लबच्या आतबाहेरून झाली ती वर्गभेदाची. फोन टाकून देणं हा सुखवस्तू घरच्या मुलांचा चोचला आहे, असं काहींनी तोंडावर सुनावलं. समाजात सामावून घेतलं जाण्यासाठीच काहींना तंत्रज्ञान लागतं, ही बाजूही मांडली गेली. ही टीका मला निम्मी पटते. ज्या मुलीला शाळेनंतर धाकट्या भावाला आणायचं आहे, ज्या मुलाची कामाची पाळी मेसेजवर कळते, ज्याच्या घरातला एकमेव इंटरनेट असलेला संगणक म्हणजे तो फोनच आहे, त्याला खोक्यात काय ठेवायला सांगणार? उरलेली निम्मी टीका मात्र चुकीच्या पत्त्यावर जाते. बागेतला ओंडका फुकट होता. मंगळवारच्या बैठकीला फोन खिशात ठेवून येता येत होतं. महाग होता तो मोकळा वेळ आणि तो कुणाला मिळतो व कुणाला नाही हे सोळा वर्षांच्या मुलांनी ठरवलेलं नाही.

पुढे काय झालं

लेन ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात गेली. क्लब ब्रुकलिनबाहेर इतर शहरांत पसरला आणि त्याची ना-नफा संस्था झाली. मूळच्या मुलामुलींपैकी काहीजण घडीच्या फोनवर राहिले, काही स्मार्टफोनकडे परतले. यात आश्चर्य काही नाही. कॉलेजात लॉगिन करायचं तर फोनवर कोड येतो, वर्गमित्रांचे बेत ॲपवर ठरतात. शाळेतले सातआठ मित्र गावोगाव पांगले की पायऱ्यांवरचा करार संपतो. नव्या गावी तो पहिल्यापासून बांधावा लागतो आणि अठराव्या वर्षी पुन्हा पहिला एकटा होणं सोपं नसतं.

२०२५-२६च्या शालेय वर्षापासून न्यूयॉर्क राज्याने सरकारी शाळांत पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत स्मार्टफोनला बंदी घातली. याच न्यूयॉर्क शहराने आधीची शालेय फोनबंदी २०१५मध्ये उठवली होती, म्हणजे दहा वर्षांत चाक एक फेरा पूर्ण करून आलं. बंदीने ‘बाकीचे तिथे आहेत’ हा सापळा शाळेच्या तासांपुरता सुटतो आणि तेवढ्यासाठी मी तिच्या बाजूचा आहे. पण ती शाळा सुटेपर्यंतच. साडेतीननंतर कायदा संपतो, फोन हातात येतो आणि घरी जायचं की आणखी कुठे, हे पुन्हा चॅटवर ठरतं.

असा गट काढायला निघालेल्यांनी विचारलंच तर मी तीनच चौकश्या करीन. कुठे भेटणार, आणि तिथून कुणी उठवणार तर नाही? दर आठवड्याला तोच वार आणि तीच वेळ आहे ना? आणि एखादा आलाच नाही तर त्याला मेसेज टाकणार आहात की पुढच्या रविवारपर्यंत थांबणार आहात?